घरच्या कढईतील ओल्ड-फॅशन्ड डोनट: गार पीठ, मध्यम तेल आणि कोमट ग्लेझ

डोनट म्हणजे मध्ये भोक असलेला, तळलेला गोड पदार्थ. त्याच्या ओल्ड-फॅशन्ड प्रकारात यीस्ट नसते. बेकिंग पावडर आणि आंबट दुग्धपदार्थ यांच्यावर तो फुगतो. त्याचा पृष्ठभाग खडबडीत, चिरा पडलेला व कुरकुरीत असतो आणि आतला भाग केकसारखा भुसभुशीत राहतो. मराठवाड्यातील घरांत हा डोनट बिघडतो तो साहित्य मिळत नाही म्हणून नव्हे, तर तळणीला बसलेल्या हाताला पुरी, शंकरपाळे आणि बालुशाही यांची सवय असते म्हणून. शंकरपाळ्याच्या सवयीने पीठ घट्ट मळले जाते, पुरीच्या सवयीने तेल कडक तापवले जाते आणि बालुशाहीच्या सवयीने तयार डोनट साखरेच्या पाकात बुडवला जातो. या तिन्ही सवयी आपापल्या पदार्थाला योग्यच आहेत. येथे मात्र प्रत्येक सवय एकेक टप्पा नासवते. पुढील क्रम त्यासाठीच बारकाईने दिला आहे आणि तो बदलू नये.

कामाची आखणी अशी करावी: आदल्या रात्री दही टांगावे, सकाळी पीठ कालवून फ्रीजमध्ये ठेवावे आणि संध्याकाळी तळावे. सगळे एका दमात दोन तासांत उरकण्याच्या घाईत पीठ गार होण्याचा वेळ कापला जातो आणि पुढच्या निम्म्या तक्रारी तेथूनच सुरू होतात.

१. आदल्या रात्री: चक्का

मूळ कृतीत सावर क्रीम, म्हणजे आंबवलेली घट्ट साय, असते. आपल्याकडे त्याच्या जागी सायीच्या दह्याचा मऊ चक्का उत्तम चालतो. म्हशीच्या सायीसकट दुधाचे अर्धा किलो दही स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवावे, खाली पातेले ठेवावे आणि हे सर्व फ्रीजमध्ये ठेवावे. उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे खुंटीला टांगलेले दही पाणी निथळेपर्यंत आंबून जाते. हिवाळ्यात उलट अडचण येते: परभणीसारख्या ठिकाणी रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते आणि दहीच नीट विरजत नाही, म्हणून त्या दिवसांत विरजण एक दिवस आधी लावावे.

श्रीखंडासाठी करतो तितका कोरडा चक्का येथे नको. तो चमच्यातून सावकाश, जाडसर ठिपक्यांनी पडावा. फार कोरडा झाल्यास चमचाभर दूध घालून घोटावा. दही चवीला फारच आंबट असेल तर पिठात चिमूटभर खाण्याचा सोडा घालता येतो. त्याहून अधिक सोडा घातल्यास डोनट आत शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतो आणि त्याला साबणासारखी चव येते.

२. साहित्य, वजन करून

सुमारे साडेसात सेंटिमीटर व्यासाचे नऊ-दहा डोनट आणि मधल्या भोकांच्या तेवढ्याच लहान गोळ्या यांसाठी पुढील प्रमाण घ्यावे.

मैदा २२५ ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर ३० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, किसलेले जायफळ अर्धा टीस्पून, बारीक साखर १०० ग्रॅम, मऊ लोणी ३० ग्रॅम, अंड्यांचे पिवळे बलक २ आणि मऊ चक्का १२० ग्रॅम. लोण्याऐवजी बाजारचे खारे बटर वापरल्यास मीठ निम्मे करावे.

वाटीने मोजण्याचा मोह टाळावा. दाबून भरलेली आणि चमच्याने सैल भरलेली मैद्याची वाटी यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो, आणि या पिठात वीस-पंचवीस ग्रॅम मैदा जास्त झाला तरी डोनट बिस्किटासारखा टणक निघतो. कॉर्नफ्लॉवरही वगळू नये. मैद्यातील चिकटपणा कमी करून पोत भुसभुशीत ठेवण्याचे काम ते करते.

किराणा दुकानातील साखरेचे दाणे जाड असतात. ते पिठात विरघळत नाहीत आणि तळताना जळून तपकिरी डाग पाडतात. म्हणून साखर मिक्सरमधून एकदाच फिरवून रव्याइतकी बारीक करावी. पिठी करू नये, कारण लोणी फेसताना दाण्यांचा उपयोग होतो.

अंडे न खाणाऱ्या घरांत दोन बलकांऐवजी दोन टेबलस्पून घट्ट साय आणि एक टेबलस्पून दूध घ्यावे. असा डोनट किंचित ठिसूळ होतो, त्यामुळे तो तेलात उलटताना जास्त जपावे लागते.

मैद्याच्या जागी ज्वारीचे पीठ घालण्याची कल्पना मराठवाड्यात हटकून पुढे येते. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, नसल्यामुळे असा डोनट तेलात विरून जातो. कणीक मात्र मैद्याच्या पाव हिश्शापर्यंत चालते. खव्याबद्दलही हेच सांगावे लागते: धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीचा खवा कितीही नामांकित असला तरी तो या पिठात घालू नये. त्याने पिठातील स्निग्धांश वाढतो, दुधातील घन भाग तेलात लवकर करपतो आणि डोनट कडांनी सुटू लागतो.

*पडताळणी:* बेकिंग पावडरचा डबा बरेच दिवस उघडा असेल तर अर्धा टीस्पून पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. लगेच जोमदार बुडबुडे आले नाहीत, तर डबा बदलावा. सोडा हा बेकिंग पावडरचा पर्याय नाही.

३. पीठ कालवणे

मैदा, कॉर्नफ्लॉवर, बेकिंग पावडर, मीठ आणि जायफळ एकत्र करून दोनदा चाळावे. दुसऱ्या पातेल्यात लोणी व साखर ओल्या वाळूसारखी दिसेपर्यंत फेटावी. लोणी कमी आणि साखर जास्त असल्याने हे मिश्रण केकच्या मिश्रणासारखे हलके, पांढरे होणार नाही. तशी वाट पाहत बसू नये. त्यात बलक घालून मिश्रण फिकट व दाट होईपर्यंत फेटावे.

आता कोरडे मिश्रण तीन भागांत आणि चक्का दोन भागांत, आळीपाळीने घालावा. सुरुवात कोरड्याने करावी आणि शेवटही कोरड्याने करावा. प्रत्येक वेळी उलथन्याने किंवा लाकडी डावाने कडेकडून मध्याकडे वळवत कालवावे आणि कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे.

या टप्प्यावर पीठ हाताला चिकटते, सैल वाटते आणि अनुभवी स्वयंपाक करणाऱ्यालाही ते चुकले असे वाटते. ते चुकलेले नसते. येथे मूठभर मैदा वाढवणे आणि परातीत तळहाताने मळणे या दोनच कृतींनी बहुतेक घरांतले डोनट कडक होतात. मळल्याने ग्लुटेनचे जाळे घट्ट होते. असे पीठ तेलात ताणले जाते, पण फुटत नाही, त्यामुळे चिरा पडत नाहीत आणि चावताना चिवटपणा येतो. पिठाला लागणारा घट्टपणा मैदा देणार नसून थंडी देणार आहे.

४. पीठ गार करणे

पीठ बटर पेपरवर किंवा हलके तेल लावलेल्या ताटात काढून सुमारे दोन सेंटिमीटर जाडीचे थापावे, वरून अगदी चिकटवून झाकावे आणि फ्रीजमध्ये किमान एक तास ठेवावे. गोळा करून ठेवल्यास मधला भाग गार व्हायला फार वेळ लागतो. सकाळी कालवून संध्याकाळी तळले तरी पीठ उत्तम राहते, किंबहुना मैद्याने ओलावा नीट शोषल्यामुळे ते लाटायला सोपे जाते. मात्र चोवीस तासांपलीकडे ठेवू नये.

झाकण्याकडे दुर्लक्ष करू नये. मार्च ते मे या काळात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की, उघड्या पिठावर पाहता पाहता सालपट धरते आणि ते लाटताना तुकड्यातुकड्यांनी सुटते. भारनियमनामुळे फ्रीजचा भरवसा नसेल, तर झाकलेले ताट बर्फाच्या पाण्याने भरलेल्या परातीवर ठेवावे आणि बर्फ वितळला की बदलावा. यात वेळ जास्त लागतो, पण काम होते.

*पडताळणी:* गार पिठावर बोट हलके दाबल्यास खूण उमटावी, पण बोटाला पीठ लागू नये. लागत असेल तर आणखी अर्धा तास थांबावे.

५. लाटणे आणि कापणे

पोळपाट लहान पडतो, म्हणून स्वच्छ ओट्यावर लाटावे. खाली व वर मैदा भुरभुरावा आणि हलक्या हाताने बारा मिलिमीटर, म्हणजे साधारण अर्धा इंच जाडीचे लाटावे. पोळीच्या सवयीने हात खाली दाबला जातो आणि मध्यभाग पातळ होतो, म्हणून लाटून झाल्यावर कडेला व मध्ये पट्टी उभी धरून जाडी मोजावी. आठ मिलिमीटरचा डोनट पुरीसारखा कोरडा होतो. दोन सेंटिमीटरचा आत कच्चा राहतो.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत बेकरी साहित्याच्या दुकानांतून डोनटचा साचा मिळतो. तो नसल्यास धारदार कडेची स्टीलची वाटी आणि अडीच सेंटिमीटर व्यासाचे बाटलीचे झाकण पुरेसे आहे. साचा दर वेळी मैद्यात बुडवावा, सरळ खाली दाबावा आणि सरळ वर उचलावा. फिरवत कापल्यास कडा ओढल्या जातात आणि डोनट तेलात तिरका फुगतो. फार लहान भोक फुगल्यावर बुजते आणि त्याभोवतीचा भाग शिजत नाही.

उरलेले पीठ एकदाच गोळा करून पुन्हा लाटावे. त्यापुढे उरलेल्या तुकड्यांच्या गोळ्या करून तळाव्यात. दुसऱ्यांदा लाटलेल्या पिठाचे डोनट तसेही थोडे चिवट होतात.

कापलेले डोनट बटर पेपरच्या चौकोनी तुकड्यांवर एकेक ठेवावेत, वरचा सुटा मैदा कोरड्या ब्रशने झटकावा आणि तेल तापेपर्यंत पुन्हा फ्रीजमध्ये ठेवावेत. मैदा झटकला नाही तर तो तेलाच्या तळाशी बसून करपतो आणि नंतरच्या प्रत्येक घाण्याला कडवट वास लागतो. चिरा एकसारख्या हव्या असतील तर सुरीच्या टोकाने वरच्या बाजूस भोकाभोवती त्रिकोणात तीन उथळ रेघा ओढाव्यात. माझ्या मते त्यांची गरज नाही. पीठ व तेल बरोबर असल्यास डोनट आपोआप फुटतो आणि तो जास्त देखणा दिसतो.

६. तेल तापवणे

सूर्यफूल, शेंगदाणा किंवा करडई यांपैकी कोणतेही रिफाइंड तेल घ्यावे. लाकडी घाण्याचे करडई किंवा शेंगदाणा तेल भाजीला, फोडणीला उत्तम असले तरी त्याचा स्वतःचा वास जायफळावर मात करतो. आधी भजी किंवा मिरच्या तळलेले तेल तर मुळीच वापरू नये. जाड बुडाची लोखंडी कढई घ्यावी, कारण ती उष्णता धरून ठेवते. तेलाची खोली सहा-सात सेंटिमीटर असावी आणि कढई निम्म्याहून अधिक भरू नये.

तेलाचे तापमान १६५ अंश सेल्सिअस ठेवावे. १६० ते १७० ही मर्यादा समजावी. यीस्टचे डोनट १८० ते १९० अंशांत तळतात आणि पुरीलाही तसेच कडक तेल लागते, त्यामुळे १६५ अंशांचे तेल सवयीच्या डोळ्यांना अपुरे तापलेले दिसते. याउलट बालुशाही ज्या मंद तेलात सावकाश तळली जाते, ते तेल या डोनटला फारच गार पडते.

कारण समजून घेतले म्हणजे आकडा लक्षात राहतो. डोनट तेलात पडला की बाहेरचे कवच बसू लागते आणि त्याच वेळी आत बेकिंग पावडरचा वायू व वाफ पीठ फुगवत असते. मध्यम तेलात कवच आधी पातळसर बसते आणि नंतर आतला दाब त्याला फोडून बाहेर येतो. चिरा पडतात त्या याच ठिकाणी. तेल कडक असल्यास कवच लगेच जाड व घट्ट होते, डोनट गुळगुळीत राहतो, बाहेर रंग चढतो आणि आत कच्चे पीठ उरते. तेल १५० अंशांच्या खाली असेल तर कवच बसायला फार वेळ लागतो. तोवर पीठ पसरते, तेल आत शिरते आणि कडा विरघळू लागतात.

स्वयंपाकाचा थर्मामीटर घेण्याचा सल्ला मी आग्रहाने देतो. नवा साचा किंवा महागडे व्हॅनिला यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक आहे. तो मिळेपर्यंत भोकाच्या एका गोळीने परीक्षा करावी: गोळी प्रथम तळाशी जावी, मग तीन-चार सेकंदांत शांतपणे वर यावी आणि तिच्याभोवती बारीक, सतत बुडबुडे यावेत. टाकताच चर्र आवाज होऊन ती वरच राहिली तर तेल कडक आहे. तळाशी बसून राहिली तर गार आहे.

*इशारा:* तेलातून धूर निघू लागला तर गॅस बंद करावा. तेलाने पेट घेतल्यास पाणी कदापि ओतू नये. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे आणि ती हलवू नये.

७. तळणे

एका वेळी दोन, फार तर तीन डोनट सोडावेत. गार पीठ पडताच तेलाचे तापमान उतरते. पाच-सहा डोनट एकदम सोडल्यास ते इतके उतरते की, आच कितीही वाढवली तरी पहिला मिनिट वाया जातो. डोनट बटर पेपरसह झाऱ्यावर ठेवून तेलाच्या पृष्ठभागाशी नेऊन हळूच सरकवावा आणि सुटा झालेला कागद चिमट्याने काढून घ्यावा. बोटांनी उचलल्यास त्याचा गोल आकार बिघडतो.

डोनट तळाशी जाऊन वर येईल. वर आल्यापासून साधारण पंधरा सेकंदांनी तो पहिल्यांदा उलटावा. हा वेळ फार थोडा वाटतो, पण येथेच सर्वांत जास्त चूक होते. पहिली बाजू लालसर होईपर्यंत थांबल्यास तिचे कवच जाड होते आणि मग ते फुटत नाही. लवकर उलटल्यामुळे पातळ कवचाची बाजू वर येते आणि खालून उष्णता मिळत असताना ती आपोआप उमलते. आता खाली आलेली दुसरी बाजू ७५ ते ९० सेकंद तळावी. या काळात डोनटला डिवचू नये, झाऱ्याने तेलही उडवू नये. पुरी फुगवण्यासाठी वरून तेल उडवण्याची सवय येथे कवच घट्ट करते आणि चिरा अर्ध्यावर थांबतात. खालची बाजू सोनेरी झाली की दुसऱ्यांदा उलटून चिरा पडलेली बाजू ६० ते ७५ सेकंद तळावी आणि डोनट बाहेर काढावा. यापेक्षा अधिक वेळा उलटू नये.

*पडताळणी:* पहिला घाणा एकाच डोनटचा करावा आणि तो मोडून पाहावा. मधोमध ओलसर, पिठूळ रेघ दिसली आणि बाहेरचा रंग पुरेसा असेल, तर तेल पाच अंश उतरवावे. आत शिजलेला असून बाहेर तेलकट असेल, तर पाच अंश वाढवावे. उरलेले सर्व डोनट या एका डोनटच्या हिशेबाने तळावेत. दोन घाण्यांच्या मध्ये तेल पुन्हा १६५ अंशांवर येऊ द्यावे आणि तळाचे कण बारीक झाऱ्याने काढावेत.

८. निथळणे आणि ग्लेझ

तळलेले डोनट वर्तमानपत्रावर ठेवू नयेत. छपाईची शाई गरम तेलात उतरते आणि खाण्यात जाते. ते तारेच्या जाळीवर, चिरांची बाजू वर करून, एकमेकांना न टेकता ठेवावेत. जाळी नसेल तर पुरणाची मोठी चाळण पालथी घालावी. टिश्यू पेपरवर फार वेळ ठेवल्यास खालची बाजू स्वतःच्याच वाफेने ओली होते. गरम डोनटवर झाकण तर अजिबात ठेवू नये.

ग्लेझसाठी, म्हणजे डोनटवरच्या साखरेच्या पातळ थरासाठी, पिठीसाखर ३०० ग्रॅम, गरम पाणी ६० मिलिलिटर, लिक्विड ग्लुकोज एक टीस्पून, व्हॅनिला अर्धा टीस्पून आणि चिमूटभर मीठ घ्यावे. घरी दळलेली पिठीसाखर मलमलमधून गाळावी आणि तिच्यात एक टेबलस्पून कॉर्नफ्लॉवर मिसळावे, म्हणजे ग्लेझला कण लागत नाहीत. सर्व एकत्र घोटून ग्लेझ चमच्यावरून फितीसारखे पडेल इतके पातळ करावे. लागल्यास चमचा-चमचा गरम पाणी वाढवावे. व्हॅनिलाऐवजी वेलदोड्याची पूड चालते, केशरही चालते.

साखर उकळून एकतारी पाक करणे ही वेगळीच क्रिया आहे. तो पाक डोनटच्या चिरांतून आत मुरतो, कुरकुरीतपणा घालवतो आणि पदार्थाची बालुशाही होते, तीही धड नव्हे. ग्लेझचे काम पृष्ठभागावर पातळ, ठिसूळ थर धरण्याचे आहे.

डोनट तेलातून काढल्यावर दोन-तीन मिनिटांनी, हाताला सोसेल इतका गरम असताना चिरांची बाजू ग्लेझमध्ये बुडवून पाच सेकंदांत उचलावी आणि पुन्हा जाळीवर ठेवावी. पूर्ण गार झालेल्या डोनटवर ग्लेझ जाड बसते, चिरांत उतरत नाही. नुकत्याच काढलेल्या डोनटवरून ते ओघळून जाते. ग्लेझ घट्ट होऊ लागल्यास भांडे गरम पाण्यात ठेवावे. थर बसायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे तो बराच वेळ चिकट राहतो, अशा दिवशी पंख्याखाली जाळी ठेवावी.

९. बिघाडावरून कारण ओळखणे

चिरा पडल्या नाहीत, तर प्रथम तेल कडक होते का आणि पहिले उलटणे उशिरा झाले का, हे पाहावे. दोन्ही ठीक असतील तर पीठ मळले गेले असावे किंवा बेकिंग पावडर मेली असावी. डोनट तेलात सुटला, तर पीठ गार नव्हते, तेल थंड होते किंवा साय-लोण्याचे प्रमाण वाढले होते. डोनट तेलकट झाला, तर एकाच वेळी अधिक डोनट सोडले गेले. बाहेर डाग पडले, तर साखर जाड होती. आत घट्ट गाठ राहिली, तर जाडी जास्त होती किंवा भोक लहान होते.

सर्व दोष एकदम दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये. पीठ, जाडी आणि तेल यांपैकी एका घाण्यात एकच गोष्ट बदलावी. तिन्ही बदलल्यास नेमके कशाने जमले ते कळत नाही.

साठवण

हा डोनट त्याच दिवशी खाण्याचा आहे. ग्लेझ न लावलेले डोनट पूर्ण गार झाल्यावर घट्ट डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात आणि मंद आचेवर, कोरड्या तव्यावर झाकण न ठेवता दोन्ही बाजूंनी गरम केल्यास त्यांचा कुरकुरीतपणा बराचसा परत येतो. ग्लेझ त्यानंतर लावावे. पाहुण्यांसाठी आधी करून ठेवायचे असतील तर तळलेल्या डोनटऐवजी कापलेले कच्चे डोनट सकाळपासून झाकून फ्रीजमध्ये ठेवणे अधिक सोयीचे ठरते. उरलेले तेल गार झाल्यावर फडक्यातून गाळावे आणि काही दिवसांत गोड पदार्थालाच वापरून संपवावे. त्यात नवे तेल मिसळून बाटली भरत राहू नये.